लघु, गुरु आणि मिडी

घरच्या संगणकावर चाली बसविण्याचा उद्योग आम्हीं साठी उलटल्यावर आरंभिला, त्यास कारण घडलें. श्लोक गाऊनच शिकवावा, असा शाळेंत आमचा तीस वर्षांचा शिरस्ता. निवृत्तीनंतर घशाच्या दुखण्यानें गळा गेला. बोलतां येतें, गातां येत नाहीं. वृत्तांच्या ज्या चाली आम्हीं बांधल्या त्या कोठें लिहिलेल्या नव्हत्या, आणि पेटीवर त्या पुऱ्या उतरत नाहींत. पेटीला मींड नाहीं व तिचे स्वर ठरलेले, याच आक्षेपांवरून ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिला दार बंद केलें. तें उघडूं लागण्यास १९७१ साल उजाडावें लागलें.

मिडी हीहि एका अर्थीं पेटीच. निरनिराळ्या कारखान्यांचीं वाद्यें एकमेकांशीं जोडतां यावींत म्हणून १९८३ सालीं ही सांकेतिक भाषा निघाली. तींत आवाज साठविलेला नसतो. कोणती पट्टी, किती जोरानें दाबली, केव्हां सोडली, एवढाच जमाखर्च असतो. पट्ट्यांस ० ते १२७ असे क्रमांक. परंतु पेटीस नसलेली एक सोय तींत आहे, ती स्वर वांकविण्याची. तिच्या पायऱ्या १६,३८४. नेहमींच्या मांडणींत त्या दोन अर्धस्वर वर व दोन खालीं एवढ्या टापूंत वांटलेल्या असतात. श्रुतींचा सूक्ष्म भेद दाखविण्यास त्या पुरून उरतात. मात्र षड्जापासून शुद्ध गंधारापर्यंत मींड घ्यावयाची तर चार अर्धस्वर लागतात. तेव्हां वाद्याचा टापू आधीं वाढवून घ्यावा. शिवाय हें वांकविणें एका वाहिनीवरील सर्व स्वरांस एकदम लागू होतें. तंबोरा त्याच वाहिनीवर ठेवला तर मींडेबरोबर त्याचा षड्जहि घसरतो, आणि तें ऐकवत नाहीं! सोळा वाहिन्या असतां ही कंजुषी कशाला?

खरी अडचण काळाची आहे. मंदाक्रान्तेच्या चरणांत १७ अक्षरें व २७ मात्रा. यतीनें त्यांचे आठ, सात व बारा मात्रांचे तीन खंड पडतात. सॉफ्टवेअर उघडावें तों पुढें चार-चार मात्रांचे कप्पे तयार! ते बदलतां येतात, तें असो. पण त्यांत क्वांटाइझ नांवाची एक कळ असते. ती दाबली कीं प्रत्येक स्वर जवळच्या रेघेवर नेऊन उभा केला जातो. मग प्रत्येक गुरु बरोबर दोन लघूंएवढा होतो. पिंगलमुनि संतुष्ट होतील, कान होत नाहीं. आमच्या चालींत पहिले चार गुरु समान नाहींतच. चौथा रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्यांतच यक्षाचा सारा विरह आहे.

या कसोटीवर आम्हीं चार सॉफ्टवेअरें पारखलीं. म्यूझस्कोर फुकट मिळतें, पाश्चात्य स्वरलिपि देखणी छापतें, स्वरांखालीं देवनागरी अक्षरेंहि बसवितें. पण लिहिलें तेवढेंच वाजवितें. लेखनिक उत्तम, गवई बेताचा. एबलटन लाइव्हचा ओढा तुकडे पुनःपुन्हा फिरविण्याकडे. नाचगाण्यास तें ठीक. क्यूबेस १९८९ पासूनचें, जर्मनीचें. स्वराच्या पोटांतच त्याचीं वळणें ठेवण्याची युक्ति त्यांत २०११ सालीं आली. ती फारच शहाणपणाची आहे, परंतु तिला जुळणारें वाद्य लागतें, आणि पेन्शनीत माणसास किंमत व पसारा दोन्ही जड. आमचें मत रीपरकडे झुकतें. विकत घेण्यापूर्वीं तें ६० दिवस वापरून पाहतां येतें. त्यांत मींडेची वक्ररेषा हवी तशी ओढतां येते, आणि क्वांटाइझ करावयाचेंच तर स्वर रेघेकडे किती ओढावा हें टक्क्यांनीं ठरवितां येतें. आम्ही तो आंकडा शून्यावरच ठेवितों. ताल देणारी टिकटिक बंद करून आधीं चाल हातानें वाजवावी, चुकलेला स्वर तेवढा मागाहून हालवावा, मग एकेक मींड ओढावी. एका मींडेस कधीं कधीं अर्धा तास जातो.

मंदाक्रान्ता पुरी व्हावयास पांच आठवडे लागले. आमची नात ती लावून तिच्याबरोबर म्हणते, आणि पांच लघूंनंतरच्या गुरूवर अगदीं आमच्यासारखी थांबते. सध्यां शिखरिणी हातीं घेतली आहे.