धारावी : व्यापाराची खुली पाठशाळा

विद्यापीठातील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसमवेत नुकताच धारावीत जाण्याचा योग आला. माहीम आणि शीव यांच्यामधील ही वस्ती एरवी झोपडपट्टी म्हणूनच ओळखली जाते. प्रत्यक्षात ती उद्योगनगरी आहे.

कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची वस्ती. घर, चाक आणि भट्टी अगदी लगत. जळण बहुधा टाकाऊ कापसाचे व चिंध्यांचे. दिवाळीच्या पणत्यांसाठी माती, जळण आणि मेहनत आधी घालावी लागते. पैसा परततो तो सणाच्या तोंडावर. खेळते भांडवल म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना येथे डोळ्यांनी दिसले.

तेरा कंपाउंडमध्ये भंगार प्लॅस्टिक प्रकार व रंग पाहून वेगळे करतात. मग ते तुकडे करून, धुऊन, छपरांवर वाळवून पुन्हा कारखान्यांकडे जाते. सरमिसळ ढिगाला भाव थोडा, निवडलेल्या मालाला अधिक. धान्य निवडूनच शिजवणाऱ्या आपल्या घरांना निवडीचे मोल वेगळे सांगायला नको.

आता येथे पुनर्विकास होऊ घातला आहे. पक्के घर, नळ आणि शौचालय यांवर रहिवाशांचा हक्क आहेच. परंतु बहुमजली इमारतीत भट्टी कोठे लावायची, माल कोठे वाळवायचा? घराचे क्षेत्रफळ मोजता येते. घराशी जोडलेल्या धंद्याची किंमत कोणत्या ताळेबंदात मांडायची?

दुकानामागेच संसार थाटून ज्यांचे पूर्वज उभे राहिले, त्या आपल्या घरांतील मुलामुलींनी पेढीवर बसण्यापूर्वी ही वस्ती एकदा अवश्य पाहावी.