वडखळच्या नाक्यावरची सावली

मुंबईहून अलिबागला किंवा पुढे महाड-चिपळूणकडे जाताना आपण वडखळच्या नाक्यावरून गेला असालच. गोवा महामार्गापासून अलिबागचा रस्ता येथे फुटतो. गाडी बदलणारे, तपासणीसाठी पेणला निघालेले कितीतरी वृद्ध या भागात एसटीची वाट पाहत उभे असतात. महामार्गाच्या चौपदरीकरणात जुनी झाडे गेली. जी उरली, त्यांच्या सावलीला म्हणूनच मोल आहे.

कोकणच्या वैशाखात पारा विदर्भाएवढा चढत नाही, पण खाडीची दमट हवा घाम वाळू देत नाही आणि शरीराची उष्णता आतच कोंडते. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर शरीरातले पाणी आणखी घटते. अशा माणसाला अर्धा तास उन्हात उभे करणे म्हणजे भोवळीला आमंत्रण देणे होय.

काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात या परिसरातील एका थांब्याजवळचे झाड कोणीतरी पार भुंडे करून टाकले. आठवडाभरातच तेथे चक्कर येऊन पडलेल्या एका आजींना माझ्याकडे आणले. मनगट मोडले होते. ‘‘डॉक्टर, रोज त्या झाडाखालीच उभी राहायची हो मी,’’ एवढेच त्या म्हणाल्या.

झाडाची भीती मात्र खोटी नव्हे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडात असंख्य झाडे आडवी केली. त्यानंतर घरासमोरचे झाड तोडण्याच्या अर्जावर मीही सही केली होती, हे कबूल करतो. पण शेंडा उडवल्याने झाड सुरक्षित होत नाही. कापलेल्या टोकाशी फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात आणि पुढे तेच वाऱ्यात मोडतात.

फांद्या तोडणे आपल्या शेतकऱ्याला नवे नाही. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजायला तो पिढ्यान्‌पिढ्या टहाळ तोडत आला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी १८८५ ते १८८७ या काळात नेमलेल्या वन आयोगापुढेही राबाचा प्रश्न होता. रस्त्याकडेच्या झाडाला मात्र कोयत्याचे घाव नकोत, करवत हवी. जड फांदी खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून थोडी कापावी, मग किंचित पुढे वरून. म्हणजे ती पडताना खोडाची साल सोलत नाही. उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेला फुगवटा राखून कापावा. त्यावर डांबर फासण्याची गरज नसते. झाड स्वतःच कडेने साल वाढवून जखम झाकते. एका वेळी चौथ्या हिश्शाहून अधिक पालवी काढू नये.

वाळक्या, लोंबत्या फांद्या पावसाळ्यापूर्वी काढाव्यातच. मोठी छाटणी मात्र थंडीत उरकावी, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत नवी पालवी येते. तारांजवळच्या फांद्यांना आपण हात लावू नये, महावितरणला कळवावे. घरात वृद्ध असतील, तर त्यांच्या थांब्यालगतच्या झाडाचा विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडा. १ मेच्या सभेपर्यंत थांबलात, तर उशीर झालेला असतो.