संकलनाचा मंदावणारा वेग
कंपायलर, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या कोडचे यंत्राला कळणाऱ्या सूचनांमध्ये रूपांतर, अर्थात संकलन, करणारा प्रोग्राम, अनेकदा आवृत्तीगणिक थोडाथोडा मंदावत जातो आणि ही घसरण सहसा नजरेत भरत नाही, कारण प्रत्येक सुधारणा आपल्यापुरता अत्यल्प वेळच खाते. गो या प्रोग्रामिंग भाषेच्या २०१५ मधील १.५ आवृत्तीची घसरण मात्र उघड होती: कंपायलर सी भाषेतून यंत्रवत गो भाषेत उतरवल्याने बिल्डला, म्हणजे प्रोग्राम बांधून तयार करण्याला, सुमारे दुप्पट वेळ लागू लागला आणि निर्मात्यांनी ते प्रकाशन-टिपणातच नोंदवले.

संथ घसरण पकडणे त्याहून कठीण, कारण घड्याळाने मोजलेला वेळ प्रोसेसरच्या तापमानाने आणि सोबत चाललेल्या इतर कामांमुळे डळमळतो व अर्ध्या टक्क्याचा फरक त्यात बुडून जातो. म्हणून एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पातील बदल तपासताना तेच ठरावीक प्रोग्राम पुन्हा पुन्हा संकलित करून प्रोसेसरने पार पाडलेल्या सूचनांची संख्या मोजली जाते. ही संख्या जवळजवळ स्थिर राहत असल्याने मंदपणा आणणारा नेमका बदल सापडतो, जरी मेमरीतून माहिती येण्याची वाट पाहण्यात गेलेला वेळ तिच्यात उतरत नाही.