अर्धवट खेळ

व्हॉल्व्हने २०२४ च्या ऑगस्टमध्ये 'डेडलॉक' जाहीर केला तेव्हा तो पुरा झालेलाच नव्हता. पैसे पडत नाहीत, पण आधीच खेळणाऱ्या कुणीतरी आमंत्रण द्यावं लागतं. मला भाच्याने दिलं. तो बंगळुरात, मी ठाण्यात.

सहा विरुद्ध सहा. प्रत्येक पात्राची बंदूक वेगळी, अंगातली विद्या वेगळी. समोरचा शिपाई पडला की त्याचा आत्मा वर तरंगतो. त्यावर आपण गोळी झाडली तर कमाई आपली, शत्रूने आधी झाडली तर गेली! (पितृपक्षात हा खेळ चालतो का, कुणाला तरी विचारायला हवं.)

एरवी आमचा फोन 'जेवलास का?'च्या पुढे जात नाही. इथे मात्र तो ओरडत असतो, "मामा, मागे ये, मागे!" पहिले काही दिवस मी फक्त मागे येत होतो.

मग २०२५ मध्ये त्यांनी नकाशातल्या चार वाटांच्या तीन केल्या. भाच्याचं सगळं पाठांतर पाण्यात. तो जाम वैतागला, मला मात्र बरं वाटलं. आता दोघंही सारखेच अडाणी! कुठल्या वाटेने जायचं यावरून त्या रात्री आम्ही चांगला पाऊण तास भांडलो. हरलो, ते वेगळं.