एक शब्द हवा होता

गेल्या श्रावणात अण्णांना घेऊन औंढा नागनाथला गेलो होतो. तिथला गाभारा तळघरात आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावे लागते. दर्शन घेऊन मी वर आलो, तेव्हा अण्णा सभामंडपातल्या खांबाला टेकून बसले होते. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "तू मराठीचा प्राध्यापक ना? मग एक शब्द सांग. डॉक्टरांपुढे मान वर करून उच्चारता येईल असा."

अण्णा माझे चुलते. दीड वर्षापूर्वी कर्करोगामुळे त्यांची प्रोस्टेट, म्हणजे पुरःस्थ ग्रंथी, काढावी लागली. शस्त्रक्रिया चांगली झाली. पण पुढे काही महिन्यांनी जननेंद्रियात एक कठीण गाठ हाताला लागू लागली. त्याला बाकही आला. कर्करोगच परतला, असे अण्णांनी मनाशी धरले आणि कोणाला काही न सांगता आपले अंथरूण ओसरीवर हलवले. बिचाऱ्या काकूंना वाटले, आपलेच काही चुकले.

वर्गात लिंग, वचन, विभक्ती खुशाल शिकवणारा मी क्षणभर अडखळलो. मग म्हणालो, "अण्णा, शिश्न म्हणा. आणि मी येतो बरोबर."

डॉक्टरांनी तपासले. हा कर्करोग नव्हे. आतल्या आवरणात वण धरून तो भाग घट्ट झाला आहे, असे त्यांनी सांगितले. या विकाराला पेरोनी या फ्रेंच शल्यवैद्याचे नाव आहे. त्याने १७४३ साली त्याचे वर्णन केले होते. शस्त्रक्रियेनंतर तो का व्हावा, याचे एकच कारण मात्र सांगता येत नाही. ताठरता आणणाऱ्या नसा प्रोस्टेटला अगदी खेटून जातात. त्या जपून ग्रंथी काढण्याची पद्धत अमेरिकेतील डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ साली सुरू केली. तरीही त्या दुखावतात, निदान काही काळ मुक्या होतात. मग झोपेत आपोआप येणारी ताठरताही थांबते, प्राणवायूने भरलेले रक्त तिथे कमी पोचते आणि लवचीक तंतूंच्या जागी कोलॅजनचे चिवट धागे साठू लागतात. अर्धवट ताठरतेत मुडपून झालेली बारीक इजा, उपचारासाठी तिथेच घेतलेली इंजेक्शने, मधुमेह, किंवा अंगचीच वण धरण्याची प्रवृत्ती यांचाही हात असू शकतो.

"म्हणजे कसले पाप वगैरे नाही ना?" अण्णांनी विचारले.

डॉक्टर हसले नाहीत. "मुळीच नाही. फक्त लवकर यायला हवे होते. सुरुवातीला वण बदलत असतो, तेव्हा उपचारांना अधिक वाव असतो. अजूनही उपाय आहेत."

नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही, तेव्हा ते मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांचे ऐकायला देऊळच फिरले, अशी औंढ्याची कथा आहे. अण्णांचे ऐकायला आम्ही घरचे दीड वर्षात मान वळवू शकलो नव्हतो.

त्या संध्याकाळी अण्णा काकूंशी बराच वेळ बोलत बसले. ओसरीवरचे अंथरूण रात्री काकूंनीच उचलून आत नेले.