मंगल पुन्हा हजर

रात्रीचे साडेअकरा. फॉन्ट कोकिला, आकार 16, ‘सेट ॲज डिफॉल्ट’, आज चौथ्यांदा. वर्ड बंद करून उघडलं की मंगल फॉन्ट हजर, घरजावयासारखा. देवनागरीचा फॉन्ट ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’च्या वेगळ्या चौकटीत निवडावा लागतो; तिथं चुकलं का? नाही. (आपल्या लिपीला ‘कॉम्प्लेक्स’ म्हणतात, हे मला अजून टोचतं.) मग टेम्प्लेट्सच्या फोल्डरात शिरले. या सगळ्या सवयी जिथं साठतात, ती ‘नॉर्मल’ नावाची फाइलच ‘रीड-ओन्ली’! खूण कुणी केली? मीच. गणपतीत भाच्यानं मांडणी बिघडवू नये म्हणून. वर, बंद करताना येणारी सूचना न वाचताच मिटवत होते. खूण काढली. कोकिला टिकला. आता लिहायचं काय होतं, तेवढंच आठवेना.