फवारणीच्या पुस्तकाची जागा

ग्रंथालयात कपाशीवरच्या फवारणीचे पुस्तक वर्गीकरणाला आले की माझा हात अजूनही अडतो. ड्युईच्या दशांश वर्गीकरण पद्धतीत कापूस ६३३.५१ला, कीटकनाशके ६३२.९५ला आणि विषबाधा ६१५.९ला. पुस्तकात तिन्ही विषय असतात, फळीवर जागा एकच. ज्या विषयाला जास्त पाने, तिकडे पुस्तक, असा आपला रिवाज आहे. तसा दिलेला वर्गांक चुकीचा नसतो, पण तो लेखकाकडे पाहून दिलेला असतो. वाचक मात्र प्रश्न घेऊन येतो. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर या जिल्ह्यात ते पुस्तक निव्वळ शेतीचे राहिले, असे मी मानत नाही. कोणते औषध किती घ्यायचे हे विचारणाऱ्याला, अंगावर उडाले तर काय करायचे, हे न विचारताही दिसले पाहिजे.

यावर सहकाऱ्यांचा आक्षेप असा की गावोगाव जागा बदलल्या तर वर्गीकरणाला अर्थच उरणार नाही. ते खरे आहे, म्हणून वर्गांक बदलू नये, नोंदी वाढवाव्यात. एका पुस्तकाला विषयाच्या तीन नोंदी द्यायला कोणत्याही पद्धतीची आडकाठी नाही, आडवा येतो तो कंटाळा. दुसरा आक्षेप संगणकाचा: शोधपेटीत शब्द टाकला की पुस्तक सापडते, मग फळीची चिंता कशाला? शोधपेटी विचारलेलेच दाखवते. ज्याला विषबाधेचा प्रश्न सुचलाच नाही, त्याला ती काय देणार? ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३३च्या कोलन वर्गीकरण पद्धतीत पीक, कीड, उपाय असे पैलू जोडून वर्गांक बांधायची सोय केली. सार्वजनिक ग्रंथालयांनी सोपेपणासाठी ड्युईच धरून ठेवला, याचे मला वाईट वाटते. नेमका बसलेला लांब वर्गांक पाहून मला गर्व होतो, हेही कबूल करतो. पण आता दुसऱ्या ग्रंथालयाचा वर्गांक पुस्तक न उघडताच उतरवून घेण्याची सवय वाढली आहे, आणि आपल्या कामाचा ऱ्हास मला तिथे दिसतो.

यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा इथल्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे: पेरणीपूर्वी ६३२.९५ची पुस्तके काढा, त्यातले विषबाधेचे प्रकरण स्वतः वाचा आणि ६१५.९खाली त्यांची नोंद करा.